तुला लागलं नाय ना?

चौक गावात, जुन्या हायवेवर, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागून झाकीरभाईंचं गॅरेज. झाकीरभाई आता नाहीत, गॅरेज त्यांचा मुलगा नदीम चालवतो. चालवतो म्हणजे सकाळी शटर वर करतो. नवा रस्ता झाल्यापासून इकडे येतात त्या वाट चुकलेल्या गाड्या, नाहीतर ढाब्यावर जेवायला थांबलेल्या.

नदीमची गोष्ट लिहायला बसलो की माझं डोकं फिरतं. तरी लिहितो, कारण त्याच्या गेमबद्दल जे इंटरनेटवर लिहिलेलं आहे ते सगळं खोटं आहे.

तो गेम त्याने एकट्याने केला. गॅरेजच्या मागे टायर ठेवायची खोली आहे, तिथे एक जुना कॉम्प्युटर मांडून दोन-तीन वर्षं तो बसत होता. गेम साधाच, मोबाइलवर खेळायचा, आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळायचा. एक निळा टेंपो आणि जुना हायवे. चौक, खालापूर, खोपोली, घाटाचं पहिलं वळण, आणि वळण घेतलं की पुन्हा समोर चौक. रस्ता संपत नाही. तुम्ही कुठेतरी ठोकता तेव्हाच गेम संपतो. चौक आलं की डाव्या हाताला गॅरेज दिसायचं आणि बाहेर स्टुलावर झाकीरभाई बसलेले. माझं दुकानही होतं, पण त्याचं शटर बंद दाखवलेलं. मी विचारलं तर म्हणाला, काका, तुमी दुपारी झोपता ना.

आणि गाडी ठोकली की झाकीरभाईंचा आवाज यायचा.

ठोकलेली गाडी गॅरेजला आली की झाकीरभाई आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. ड्रायव्हरला विचारायचे, "तुला लागलं नाय ना? जाऊ दे रं, लोखंड हाय, सरळ व्हतंय." मग त्याला चहा, आणि मग बॉनेट. नदीमने एका दुपारी हेच वाक्य त्यांच्याकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. मागे ग्राइंडरचा आवाज आहे, तोही तसाच राहिला. झाकीरभाई वैतागले होते. म्हणाले, माणूस समोर नाय आणि मी कुणाला विचारू?

पुढच्या वर्षी ते गेले. छातीत कळ आली आणि पनवेलला नेईपर्यंतही थांबले नाहीत.

मग हवाबीभाभींनी, नदीमच्या आईने, गॅरेजच्या दाराशी बसून मोबाइल हातात घेतला. त्यांना गेम येत नव्हता. टेंपो सुरू झाला की त्या बोट एका बाजूला दाबून धरायच्या, टेंपो जाऊन झाडावर आदळायचा आणि झाकीरभाई विचारायचे, तुला लागलं नाय ना. भाभी मोबाइल मांडीवर ठेवून जरा वेळ बसायच्या. मग पुन्हा. मला हे दुकानातून दिसायचं. मी मान वळवायचो, कारण बघवत नव्हतं.

अशात पळसदरीला बंगला असलेले एक गृहस्थ गाडी तापली म्हणून थांबले. रेडिएटर थंड होईपर्यंत त्यांनी नदीमचा गेम पाहिला. फार कौतुक केलं. त्यांचं स्वतःचं मोबाइल गेमचंच काम होतं. आत कसं लिहिलंय ते दाखवशील का, काही सुधारता आलं तर सुधारून देतो, म्हणाले. नदीमने सगळाच्या सगळा गेम, आवाजासकट, पेनड्राइव्हवर घालून दिला.

मी तिथेच होतो. मी म्हटलं, अरे, नाव-गाव तरी लिहून घे. तो माझ्याकडे बघून हसला. त्याचं काय चुकलं? त्या गॅरेजमधून जॅक मागितला तर जॅक मिळायचा, स्टेपनी मागितली तर स्टेपनी. झाकीरभाईंनी कधी कुणाचं नाव विचारलं नाही. घाटात अडकलेला ड्रायव्हर जॅक घेऊन जायचा आणि आठवड्याने भलत्याच ट्रकवाल्याच्या हाती तो परत यायचा. कधी हरवला असं झालं नाही. नदीम हेच बघत मोठा झालेला. वस्तू गेली, वस्तू परत आली, विषय संपला.

पेनड्राइव्हही परत आला. सोबत चिक्कीचा डबा होता. ती चिक्की मीसुद्धा खाल्ली.

पुढे काही महिन्यांनी माझ्या मुलीने, रियाने, तिच्या मोबाइलवर नवीन गेम दाखवला. सहा पदरी रस्ता, परदेशी गाड्या, दर दोन मिनिटांनी जाहिरात. टेंपो नाही, चौक नाही. पण वळणं तीच, आणि गाडी ठोकली की झाकीरभाई. तो आवाज लोकांना गमतीचा वाटला म्हणे. इतका, की कुणी चिखलात पडलं, कुणी लग्नात घसरलं, की त्या व्हिडिओवर हाच आवाज लावायचे आणि खाली हसणारी तोंडं.

नव्या गेमवर त्या गृहस्थांच्या कंपनीचा नंबर होता, त्यावर नदीमने फोन केला. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, तूच दिला होतास ना? खालापूरच्या वकिलानेही तेच विचारलं. चोरून नेला का? नाही. कागद काही? नाही. मग त्या कंपनीनेच तक्रार केली की नदीमचा गेम आमची नक्कल आहे, आणि नदीमचा गेम इंटरनेटवरून काढला गेला. नक्कल! मी दुकानात एकटाच शिव्या देत बसलो. नदीम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं शटर वर करून बसला. ते मला अजून सहन होत नाही.

भाभींच्या मोबाइलवर जुना गेम होता, त्यामुळे त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. एकदा त्या कर्जतला बाजाराला गेल्या. एसटी स्टँडवर एक बाई पिशवीसकट पडली आणि मागून आवाज आला, "तुला लागलं नाय ना?"

भाभी वळल्या. त्या खरंच वळल्या, हातातली भाजी खाली ठेवून. मागे कॉलेजची पोरं उभी होती, मोबाइल वर धरून, हसत.

घरी येऊन त्यांनी नदीमला सगळं विचारून घेतलं. नदीम म्हणाला, तुझ्या गेममधून तो आवाज काढून टाकतो. भाभी म्हणाल्या, "काढू नको. तो तिथंच राहू दे. पन त्यांना आता बोलायला लावायचं नाय."

भाभी अजूनही गॅरेजच्या दाराशी मोबाइल घेऊन बसतात. आता त्यांना गेम चांगला येतो. दोन्ही अंगठे जपून ठेवतात, वळणावर वेग कमी करतात, समोरून ट्रक आला की बाजूला घेतात. चौक येतं, झाकीरभाई स्टुलावर दिसतात, मागे पडतात, पुन्हा चौक येतं. परवा गिऱ्हाइकाने हाक मारली तरी त्यांनी मान वर केली नाही. चुकून टेंपो कुठे लागला असता, तर झाकीरभाई बोलले असते.