टॉर्च कोणी धरली होती

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी रुआबांध्यात, घरासमोरच्या कडुनिंबाच्या सावलीत, मी आमच्या जीपखाली पाठ टेकून पडले होते. शेजारच्या काकू जाता जाता थांबल्या आणि आईला विचारलं, "पोरगी पडली का व?" आई म्हणाली, "नाही व, काम करून राहिली."

जीप बाबांची. जुनी, फोर बाय फोर, लिलावातून घेतलेली. बाबा फिटर. एका खाजगी वर्कशॉपमध्ये त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली, मग ते वर्कशॉपच बंद झालं... आता ही जीप हीच त्यांची नोकरी.

सोमवारी एक ठेकेदार गाडी बघायला येणार होते. डोंगरातल्या साइटवर माणसं न्यायला त्यांना अशीच गाडी हवी होती. पसंत पडली तर बाबांना वर्षभराचं काम. आणि आमची गाडी गिअर टाकला की खालून टक् करून वाजायची.

माझाही यात एक स्वार्थ होता, तो आधीच सांगते. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर. डिग्री फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावली आहे, आई रोज तिलाही कुंकू लावते. जिथे इंटरव्ह्यू दिला तिथे मात्र एकच प्रश्न... मॅडम, ऑफिसमधलं काम बघाल का?

या ठेकेदारांचं स्वतःचं गॅरेज आहे आणि तिथे माणूस हवा आहे, हे बाबांनीच मला सांगितलं होतं. म्हणून मी शनिवारीच त्यांना म्हटलं, गाडी पसंत पडली तर सांगा की काम मी केलं. "सांगतो ना," बाबा म्हणाले.

आवाज क्रॉसचा होता. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा जो लांब शाफ्ट असतो, त्याच्या टोकाच्या जोडात अधिकच्या चिन्हासारखा हा तुकडा बसतो. आमचा झिजून खुळखुळा झाला होता. बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून ते बाहेर पाटावर बसले आणि वाकून टॉर्च धरली. मी चाकांना विटा लावून खाली शिरले.

शाफ्ट सोडायच्या आधी बाबांनी खूण मारायचा टोकदार पंच हातात दिला. दोन्ही भागांवर समोरासमोर ठिपका मारायचा, म्हणजे बसवताना शाफ्ट होता तसाच बसतो. ही त्यांची जुनी सवय. कॉलेजात हेच आम्हाला एका पूर्ण तासात शिकवलं होतं, बाबांना ते हातोडीच्या एका ठोक्यात येतं.

जुना क्रॉस निघाला. नवा बसवताना त्याच्या टोकावरची एक टोपी शेवटपर्यंत जाईना. बाबा म्हणाले, "दे एक घणाचा, बसते बराबर." मी म्हटलं, थांबा. पुन्हा सगळं उघडलं. टोपीत कडेने उभ्या असतात त्या सुईएवढ्या सळयांपैकी एक आडवी पडली होती... घण मारला असता तर नवा क्रॉस तिथेच गेला असता.

 टॉर्च हलली, आणि मला कळलं की ते हसताहेत. त्या क्षणी वाटलं, चार वर्षांच्या शिक्षणाचं चीज झालं.

सोमवारी ठेकेदार आले. स्वतः गाडी चालवली, चढावर नेली, उतारावर आणली. काही वाजलं नाही. उतरल्यावर विचारलं, "किसने बनाया?"

मी कागदांची फाइल घेऊन शेजारीच उभी होते. बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "सुपेला का एक मिस्त्री है साहब. पुराना आदमी."

"हाथ अच्छा है. हमारे गैरेज में भेजो उसको, आदमी चाहिए."

मला राहवलं नाही. "सर, ये काम मैंने किया है." ठेकेदारांनी बाबांकडे बघितलं. बाबा हसले, मोठ्याने हसले. "बच्ची है साहब. टॉर्च पकड़ी थी."

मग ठेकेदारही हसले. गाडी पसंत पडली.

दोन दिवस मी बाबांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना तेच म्हणाले, "पोरीनं बनवली म्हटलं असतं तं गाडी वापस गेली असती, माय. तुले नसतं घेतलं अन् मलेही नसतं घेतलं." मग सांगितलं की वर्कशॉपमध्ये त्यांनी केलेल्या कामाच्या जॉबकार्डावर अठ्ठावीस वर्षं फोरमनचंच नाव पडत होतं. "काम चाललं पायजे. नावाचं काय करतं?"

हे त्यांनी वरणात मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. कुठे राग नाही, दुःख नाही. मला त्यांच्या खोटेपणापेक्षा याचाच जास्त त्रास झाला... बाबांचं म्हणणं कदाचित खरंही असेल. ठेकेदारांनी गाडी खरंच परत पाठवली असती. पण त्यासाठी बाबांना हसायची गरज नव्हती.

गाडी आता रोज साइटवर जाते. गॅरेजचा निरोप दोनदा आला, तो मिस्त्री कुठे आहे? बाबा सांगतात, गावाला गेला.

शाफ्टवर माझे दोन ठिपके आहेत, पण ते खाली वाकल्याशिवाय कोणाला दिसत नाहीत. म्हणून इथे लिहिते आहे. रुआबांध्यातल्या त्या जीपचा क्रॉस मी बदलला. टॉर्च बाबांनी धरली होती.