पन्नीच्या वरचं पाणी

अमरावतीत घर बांधलं तेव्हा खाली गाडीसाठी गॅरेज काढलं होतं. गाडी आता रस्त्यावर उभी असते, कारण मागे मी त्या गॅरेजची वडिलांसाठी खोली केली. त्यांना जिना चढवत नव्हता आणि मला ते माझ्या घरी हवे होते. म्हातारपण सगळं त्यांनी अकोल्यात धाकट्या भावाकडे काढलं. धाकट्याला कॉलेज मिळालं, मला मोर्शीच्या बागांमध्ये संत्र्याच्या पेट्या उचलायला पाठवलं. आज संत्र्याचा माझा स्वतःचा व्यापार आहे. तरी वडील माझ्याकडे पाहुण्यासारखेच यायचे.

पूर्वी ते धारणीकडे जंगलातल्या एका विश्रामगृहावर चौकीदार होते. तिथे सागवानी जमीन होती. "त्याच्यावर पाय थंडा पडत नाही," असं ते अजून सांगत. म्हणून मी लाकडाचीच जमीन करायची ठरवली.

गॅरेजचा कोबा दिसायला खडखडीत होता. पण आपली काळी माती मी ओळखतो. वर भेगा पडल्या तरी ती पोटात ओल धरून बसते. प्लास्टिकच्या पन्नीचा एक तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. काही दिवसांनी उचलला, तर आतून घाम फुटल्यासारखे थेंब. म्हणजे लाकडाखाली सगळीकडे पन्नी अंथरणं आलं.

दुकानदार पातळ पन्नी पुढे करत होता. "हेच नेतात सगळे, भाऊ. चालते."

"चालते तर तुह्या देवघरात टाक," मी म्हणालो. जाड पन्नी घेतली आणि भाव पातळ पन्नीच्या जवळ आणूनच उठलो.

मिस्त्री पन्नीचे पट्टे नुसते शेजारी शेजारी अंथरत होता. माझं डोकं फिरलं.

"छपरावर कवेलूवर कवेलू कसं चढते? तसं चढव, वीतभर. अन् भिंतीवरबी ने."

"शेठ, इथं मानूस राहनार हाय का धान्य?"

"माहा बाप राहनार आहे."

त्याने पट्टे उचलून वीतभर चढवत पुन्हा अंथरले. जोडांवर पट्टी, त्यावर लाकडी रिपा, त्यांवर जुन्या सागवानाच्या फळ्या. लाकूड फुगलंच तर म्हणून भिंतीकडेने बोटभर मोकळी जागा.

होळीनंतर वडील आले. चपला दारात काढून खोलीभर हळूहळू फिरले. "बरं केलं," म्हणाले. मला तेवढं पुरलं.

मागोमाग धाकटा त्यांचा लोखंडी कूलर घेऊन आला. "दादा, बाबाले याच्याशिवाय झोप येत नाही."

एसी लावतो म्हणालो, तर वडील म्हणाले, "त्यानं हाडं दुखतात." बाहेरून कूलर टांगायला गॅरेजला जागा नव्हती. तो आतच उभा राहिला, फळ्यांवर. वैशाख तापला तशी झळ आत येऊ नये म्हणून खिडकी बंद आणि कूलर दिवसभर चालू.

फळ्या फुगून कडेने वर यायला लागल्या. एका सकाळी वडिलांची काठी अडकली, ते पलंगावर आदळले, कोपर सुजलं. धाकटा त्याच दिवशी हजर.

"दादा, जमीनच ओली आहे इथली. गॅरेज ते गॅरेजच."

"जमिनीतून थेंब आला नाही. तुह्या कूलरनं केलं हे."

"कूलर तर तिकडंबी होता. आमची टाईल नाही फुगली कधी."

"बस करा," वडील म्हणाले. "टाईलच बरी आपली."

वडिलांना घेऊन धाकट्याची गाडी अकोल्याकडे, मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली. मी फाटकापर्यंत गेलो नाही.

मिस्त्रीला बोलावून फळ्या काढल्या. पन्नी कुठेही फाटलेली नव्हती. खालची ओल खालीच होती. वर मात्र, रिपांच्या मधे, पाणी साचलं होतं, गंजाच्या रंगाचं. कूलरच्या टाकीतून दिवसरात्र झिरपलेलं. खालचं पाणी वर येऊ नये म्हणून अंथरलेल्या पन्नीने वरचं पाणी खाली जाऊ दिलं नव्हतं.

मी तिथेच उकिडवं बसून अकोल्याला फोन लावला.

"बाबा, पन्नीच्या वर गंजाचं पानी निंगालं. खालून नाही आलं काही."

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तो कूलर पाठवून दे बापा. इथला नवा खडखड करून राहिला, झोप लागत नाही."

मी टाकी उपडी करून उन्हात वाळवली आणि अकोल्याला जाणाऱ्या गाडीत कूलर चढवून दिला. फळ्या अजून गॅरेजच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. आत गाडी ठेवायला मन होत नाही.