सव्वापाचची बस आणि दीपमाला

बारावीच्या मुलांनी गॅदरिंगमध्ये भाग घ्यायचा नाही, हा आमच्या चिखलीच्या कॉलेजातला नियम माझा. मी गणिताचा मास्तर. फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर असताना जानेवारीत तोंडाला रंग फासून नाचणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पोरं मला 'कर्फ्यू सर' म्हणतात. म्हणू देत.

या नियमाशी भांडायला आली दीपमाला गवई. उंची पाच फूटही नाही, आवाज मात्र बाजार समितीत हर्रास बोलणाऱ्याचा. साखरखेर्ड्याकडच्या एका खेड्यातून ती रोज एसटीने यायची.

"सर, यंदा आमी सहा जणी नाटक करतो."

"बारावी आहे. नाही."

"काऊन नाही? मांगच्या साली मेकप करून बसलो होतो. नंबर आला तं सव्वापाचची बस लागली. रडत रडत तसंच पळालो. यंदा शेवटचं वर्ष हाय, सर. एक डाव तं स्टेजवर चढू द्या!"

सव्वापाचची बस ही त्या पोरींची घरी जायची एकुलती एक सोय. ती एकदा चुकली म्हणून पोरीचं कॉलेजच बंद केलेले बाप मी पाहिले आहेत. तरी मी विरघळलो नाही. म्हणालो, "सराव परीक्षेत गणितात ऐंशीपैकी साठ. तुला एकटीला नव्हे, सहाही जणींना. आणि तालीम कॉलेजच्या वेळात करायची नाही."

मला वाटलं, कटकट मिटली. त्या सहांतली मंजुश्री सहामाहीत एकवीसवर होती.

"हाव सर," म्हणून दीपमाला गेली.

तालीम त्यांनी बसमध्येच मांडली आहे, हे मला कंडक्टर रंगरावांकडून कळलं. सकाळी येताना गणित, संध्याकाळी जाताना नाटक. त्यात दीपमालाचा नियम माझ्याहून कडक निघाला. सकाळी जिचं गणित चुकलं, तिचे संवाद त्या संध्याकाळी दुसरी म्हणणार. नाटकात नवरदेव व्हायचं होतं मंजुश्रीला. आठवडाभर तिला एक वाक्य मिळालं नाही, तेव्हा ती अशी पेटली की जेवणाच्या सुट्टीतही वही घेऊन माझ्यामागे फिरू लागली.

"गुरुजी, आता मलेबी अर्धं गणित येते," रंगराव म्हणाले.

सराव परीक्षेतला मंजुश्रीचा पेपर मी दोनदा तपासला. एकसष्ट! बाकीच्या पाचही जणी तिच्या पुढेच होत्या. शब्द दिला होता, नाटक यादीत घालावं लागलं.

गॅदरिंगला पाहुणे तासभर उशिरा आले आणि मग बोलायचे थांबेनात. पोरींना स्टेज मिळालं पाच वाजायला दहा मिनिटं असताना. मुलगी पाहायचा कार्यक्रम, असं ते नाटक. पडदा उघडला आणि मी कपाळावर हात मारला. एवढं लांबरुंद स्टेज, आणि सहाही जणी एकीमागे एक, एका ओळीत चिकटून उभ्या. प्रत्येकीचा एक हात वर हवेत, आणि सगळ्या डुलताहेत! दोन महिने बसच्या दोन सीटांमधल्या वाटेत, वरचा दांडा धरून तालीम केलेली. अंगाला दुसरं काही माहीतच नव्हतं.

पोरांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. मंजुश्री पहिलाच संवाद विसरली. यंदाही यांचं नाटक होत नाही, असं वाटून मीच शिट्ट्या मारणाऱ्यांवर डोळे वटारले. दीपमालाने एकदा त्या ओळीकडे पाहिलं आणि ती नवरदेव झालेल्या मंजुश्रीवर कंडक्टरच्या सुरात खेकसली, "ओ पाव्हणे, पोरगी पाहाले आले ना? मंग मांगं सरका, मांगं लय जागा हाय!"

सगळा हॉल खदखदून हसला. मग काय विचारता! मुलगी पाहायचा कार्यक्रम बसमध्येच सुरू झाला. ब्रेक लागला की नवरदेवाचा बाप नवरदेवावर पडायचा, वळण आलं की चहा मामाच्या सदऱ्यावर. मुलीने नवरदेवाला विचारलं, "बारावीले गणितात किती होते?" आणि नवरदेव ओरडला, "कंडक्टर, मले इथंच उतरवा!" माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हसून.

तेवढ्यात दारातून, पोरींसाठी बस कॉलेजच्या फाटकाशी थांबवून आलेल्या खऱ्या रंगरावांची हाक आली, "चला पोरींनो, सव्वापाच झाले!"

लोकांना वाटलं, हाच शेवट. टाळ्यांचा नुसता कडकडाट. सहाही जणी मिशा-फेट्यांसकट स्टेजवरून उड्या मारून खुर्च्यांमधून धावत सुटल्या आणि बसमध्ये चढल्या.

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कप घेऊन मी स्वतः स्टँडवर उभा राहिलो. दीपमाला उतरली. कप तिने हातात घेतला, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.

"सर, लोकं उभे राह्यले होते म्हणतात. खरं हाय काय? आमी तं पळालो, पाह्यलंच नाही."

"खरं आहे," मी म्हणालो. "सगळ्यांत आधी मी उभा राहिलो."