खालचा सूर

हंगेरीतल्या एका समूहगानानं गेल्या हिवाळ्यात माझी चांगलीच जिरवली. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. जंगलात संध्याकाळ उतरते, वारा पडतो, एकेक पाखरू गप्प होतं, एवढाच विषय. शब्द त्यांच्याच भाषेतले, आम्ही देवनागरीत लिहून घेतलेले.

आमच्या मंडळात विसेक हौशी माणसं. गाण्याच्या परीक्षा दिलेली, घरी क्लास घेणारी मी एकटीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. पण आपल्याकडे दहाजण गायला बसले की दहांचा सूर एकच. इथं काही बायकांचा सूर वरचा, आमचा खालचा, आणि आपला सोडायचा नाही. माझा तयार कान शेजारचा सूर आला की तिकडेच पळायचा. घरी मी सांगितलं, रचनाच विचित्र आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटच्या तालमीत गाणं बसवणारे सर मला सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही घसरताय." मी वरवर हसले, पण फार लागलं.

खालचा सूर गायला बायकांत आम्ही दोघीच, मी आणि गगनबावड्याचं माहेर असलेल्या एक काकू. गाणं ऐकून पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या घाटात धुकं उतरतं तसंच हाय की हे." त्यांना सुरुवातीचा सूर सापडायचा नाही. "तेवढा तू दे, मग मी सोडत न्हाय बघ," म्हणायच्या, आणि खरंच सोडायच्या नाहीत.

कार्यक्रमाला माझ्या क्लासची मुलं पहिल्या रांगेत बसली होती. त्यांच्यासमोर घसरायची मला इतकी भीती वाटली की मी नुसते ओठ हलवले. शेवटी बाकी सगळे आवाज थांबतात आणि आमचा दोघींचा खालचा सूर एकटा उरतो. तिथं काकू माझी वाट बघत थांबल्या, आणि मग भलत्याच सुरात, मोठ्यानं शिरल्या. लोक हसले. माझ्या क्लासची मुलंही हसली.

मागच्या खोलीत सर त्यांना म्हणाले, "काकू, पुढच्या वेळी तुम्ही ऐकायलाच या." मी तिथंच उभी होते. चूक माझी आहे, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

सर गेल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. "तुझा आवाजच आला न्हाय की गं. घसा बसला व्हय?"

"हो," मी म्हणाले.

"मग आधी सांगायचं न्हाय का?" त्यांनी पर्समधून ज्येष्ठमधाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्या बघत होत्या म्हणून मी तो तोंडात टाकला. लाज वाटली, पण चघळत राहिले.

त्या पुन्हा तालमीला आल्या नाहीत. परवा कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना दिसल्या. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात त्यांनीच लांबून हाक मारली.

"बरा झाला का गं घसा?"

बरा झाला म्हणाले.