आयेची भवानी

माझी आये ठाण्याच्या खाडीकाठची कोळीण. जन्मभर तिने मासळी विकली, पण मला बाजारात बसू दिलं नाही. नव्वद सालच्या सुमारास ती सगळं विसरायला लागली. मी नौपाड्यात ऑफिसला गेले की घरातून निघून खाडीकडे जायची. लोकांनी तिला चिखलातून उचलून आणलं, तेव्हा आम्ही तिला आंबिवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. दर रविवारी मी जायची, "आये, मी आलेय," म्हणायची. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघायची.

पुढे आश्रमाने तिथल्या सांभाळणाऱ्या बायकांना शिकवायला ठाण्याचे एक डॉक्टर बोलावले. जेवणाच्या हॉलमध्ये सतरंजीवर आयाबाया बसल्या, मागे आम्ही नातेवाईक. डॉक्टर म्हणाले, हा म्हातारचळ नाही, डिमेन्शिया नावाचा आजार आहे. यांना खोटं पाडू नका, "ओळखलंत का?" म्हणून परीक्षा घेऊ नका. त्या ज्या काळात असतील तिथे तुम्ही जा. मी मनात म्हटलं, यांना सांगायला काय जातंय!

पण आयेला सांभाळणाऱ्या आयाबाईने ते मनावर घेतलं. पंचविशीची, नखांना लाल रंग, तोंडाचा पट्टा सतत चालू. पुढच्या रविवारी बघते तर व्हरांड्यात आये पाटावर बसलेली. पुढ्यातल्या परातीत ओल्या नॅपकिनच्या गुंडाळ्या, मासळीचे वाटे लावावेत तशा मांडलेल्या. आणि ही बया समोर उकिडवी बसून भाव करतेय.

"मावशी, बोंबील कालचे दिसतात."

"तुजा बापूस कालचा! डोले फुटले काय गो तुजे?"

आणि आये खळखळून हसली. माझ्याकडे बघून ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला. आई माझी, आणि शिव्या हिला!

शिव्याच काय, घासही ती हिच्याच हातून घ्यायची. मी घरून जवळा करून न्यायची. मी भरवला की आये तोंड मिटून घ्यायची, तोच हिने भरवला की डबा रिकामा. घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "आपण दुसरी बाई मागून घेऊ या."

"अगं, ती चांगलं करतेय ना?"

चांगलं करतेय हेच तर माझं दुखणं होतं.

शेवटी मीही गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं. एका रविवारी आयाबाई यायच्या आत पोचले, परात मांडून दिली, भाव विचारला. "छे, महाग आहे," म्हणून उठले आणि चालू लागले. गिऱ्हाईकं अशीच उठतात आणि कोळणी त्यांना हाका मारून परत बोलावतात. आयेने हाक मारली नाही. तिने परात पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. सकाळची पहिली विक्री, भवानी, व्हायच्या आत गिऱ्हाईकाने पाठ फिरवली की कोळणीचा सगळा दिवस नासतो. कोळणीच्या पोटी जन्मून मला हे सुचलं नाही. त्या दिवशी ती कोणाच्याच हातून जेवली नाही.

पुढच्या रविवारी मी तिने सांगितलेल्या भावात गुपचूप वाटा घेतला. आयेने नाणं कपाळाला लावलं आणि म्हणाली, "बस गो बाय." आयाबाई दारात उभी होती. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं.

मग आयेच्या पदराखाली मला आणखी एक गुंडाळी दिसली.

"मावशी, ते पापलेट मला द्या ना. सांगाल तो भाव देते."

"नाय गो बाय. तो इकाचा नाय. माजी पोर शालेतशी येल, तिला ठेवलाय."

"तिला उद्या द्या की."

आयेने पदर घट्ट ओढून घेतला. "माजे पोरीचा मी कोनाला नाय देव."

इतके महिने आयाबाईवर जळले ते काहीच नव्हतं. त्या शाळेतून येणाऱ्या पोरीचा मला असा हेवा वाटला की तिथल्या तिथे रडू फुटलं. आयेने जरा वेळ माझ्याकडे बघितलं, मग कीव येऊन माझ्या वाट्यावर आणखी एक बोंबील टाकला.