रिकाम्या पुड्या

“घरातलं घरात ठेवायचं सोडून दवाखान्यात आमची नावं घ्यायची काय गरज होती, वहिनी?” धाकट्या जावेने तिसऱ्यांदा विचारलं.

“नावं नाही घेतली. कोणी खाल्लं तेवढं सांगितलं.”

“म्हणजे तेच झालं ना.”

काजवालीने चपला काढल्या. आल्या आल्या दारातच तिने सगळं सांगून टाकलं होतं. आत जाऊन बसले तर धीर सुटेल, हे तिला ठाऊक होतं. शर्टांच्या कारखान्यात ती सतरा वर्षं काजं करत होती, म्हणून तिथे तिला काजवाली म्हणत. चार वर्षांपूर्वी नवऱ्याने जाताना तिच्यासाठी दोनच गोष्टी मागे ठेवल्या, शिवणयंत्र आणि एचआयव्ही. यंत्र जावेने लगेच आपल्या खोलीत नेलं. दुसऱ्यात वाटेकरी कोणी नव्हता.

घरात तिला कोणी वाईट बोललं नाही. फक्त तिचं ताट, वाटी आणि पेला फळीच्या टोकाला गेले. स्वयंपाकातून तिला “तू दमतेस गं” म्हणून सोडवलं. धुणं मात्र तिच्याकडेच राहिलं, कारण धुण्याला साबण असतो. असं काही पसरत नाही, हे दवाखान्यातल्या सिस्टरने दिराला बोलावून समजावलं होतं. त्याने मान डोलावली आणि घरी येऊन आपला पेला पुन्हा विसळला.

सहा महिन्यांपूर्वी दवाखान्यात संशोधन सुरू झालं. गोळ्या चालू असलेल्या माणसांना रोज एक पौष्टिक भुकटीची पुडी दिली, तर वजन आणि ताकद वाढते का, हे त्यांना पाहायचं होतं. महिन्याला तीस पुड्या मिळायच्या. रिकाम्या परत आणायच्या, सिस्टर त्या मोजून लिहून घ्यायची. मग वजनकाटा, मग दंडाचा घेर. सिस्टर टेप सैल धरायची, आणि काजवाली ती नीट ओढून द्यायची.

पहिल्याच महिन्यात सासूबाई तापातून उठल्या. तोंडाला चव नव्हती. काजवालीने एक पुडी कोमट दुधात ढवळून त्यांच्यापुढे धरली. पेला त्यांचाच होता, पण ढवळलं तिने होतं. सासूबाईंनी वास घेतला, घोटभर प्यायल्या आणि म्हणाल्या, “गोड आहे.” चार वर्षांत तिच्या हातचं पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी प्यायलं होतं. त्या दिवशी धुणं वाळत घालताना ती गुणगुणली, असं शेजारणीने मागाहून सांगितलं.

मग सासूबाईंच्या गुडघ्यांना उतार पडला. जावेला सकाळी चक्कर यायची, तिलाही एक हवी झाली. दीर म्हणाला, कामावरून आल्यावर अंगात त्राण नसतं. काजवाली ढवळून देत गेली. सुरुवातीला आठवड्याला दोन पुड्या जायच्या, पुढे तिच्या वाट्याला महिन्याला चार उरू लागल्या. तिच्या पेल्याला हात लावायला भिणारी माणसं तिच्या पुडीला मात्र भ्यायली नाहीत. रिकाम्या पुड्या ती बोटाने सपाट करायची, दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्याने बांधायची आणि महिन्याअखेरी सिस्टरसमोर ठेवायची. सिस्टर इतरांना तिचं उदाहरण द्यायची.

आज काट्यावर साडेएकेचाळीस आलं. सुरुवातीला चव्वेचाळीस होतं. डॉक्टरांनी वही पाहिली. पुड्या सगळ्या खाल्ल्या, गोळ्या एकही चुकली नाही, तरी वजन उतरतंय. म्हणजे गोळ्याच लागू पडत नसतील, जास्त कडक द्याव्या लागतील, असं ते सिस्टरला म्हणाले. आणि हेही म्हणाले, की या बाईला पुड्यांचा काही उपयोग नाही, तसं लिहा.

सिस्टरने पेन उचललं. काजवालीला बाहेरच्या बाकावरची माणसं दिसत होती. कोपऱ्यातल्या पोरसवदा बाईचा दंड तर तिच्या मनगटाएवढा होता. ही वही वाचून कोणी म्हणालं, पुड्यांनी काही होत नाही, बंद करा, तर?

“लिहू नका,” ती म्हणाली. “मी खाल्ल्याच नाहीत. घरच्यांनी खाल्ल्या.”

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. त्यांनी तिचे सहा महिने वहीत आडव्या रेघेने खोडले. संशोधनात राहायचं असेल तर रोज सकाळी यायचं, सिस्टरसमोर पुडी खायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. नाहीतर नाव कापायचं. काय ते उद्या सांगा, म्हणाले.

“मग सरळ नाव कापा म्हणावं,” जाऊ म्हणाली. “रोज दवाखान्यात जाताना शेजाऱ्यांनी पाहिलं तर काय सांगायचं आम्ही?”

दिराने मधला मार्ग काढला. वहिनींनी उद्या जाऊन चूक झाली म्हणायचं, पुड्या घरी आणायची परवानगी मागायची. अर्ध्या वहिनींनी खायच्या, म्हणजे कोणाचंच नुकसान नाही.

सासूबाई इतका वेळ गुडघे चोळत बसल्या होत्या. “आजारी माणसाला घरात ठेवून घेतलं, कधी तोंड वाकडं केलं नाही,” त्या म्हणाल्या. “दोन पुड्या आमच्या पोटात गेल्या तर एवढं काय आभाळ कोसळलं?”

“एकशे चोवीस,” काजवाली म्हणाली. “दोन नाही. मीच ढवळून दिल्या, म्हणून आकडा ठाऊक आहे.”

“मग आता का खुपतंय?”

तिने फळीकडे पाहिलं. तिचा पेला टोकाला उपडा होता, बाकीच्यांपासून हातभर लांब. सहा महिन्यांत तो एका बोटानेही आत सरकला नव्हता. ती रोज बघत होती, आणि रोज स्वतःला सांगत होती की सरकेल.

तिने पेला उचलून पाणी घेतलं, प्यायली, आणि पेला सासूबाईंच्या पेल्याला खेटून ठेवला. जाऊ काही बोलणार होती, पण दिराने तिला खुणेने थांबवलं.

“उद्यापासून सकाळी सातला मी दवाखान्यात जाणार,” काजवाली म्हणाली. “पुडी तिथेच खाणार. घरी एकही येणार नाही. आणि तो वेळ धुण्याचा आहे, तेव्हा कपडे ज्याचे त्याने धुवायचे.”