वजनाचा उपास

कुठल्याही बीमला जड मशीन उचलायची चेन पुली अडकवण्याआधी तो स्वतः त्याला लटकायचा. शिडीवरून दोन्ही हातांनी बीमचा हूक धरायचा, पाय पोटाशी घ्यायचा आणि डोळे मिटून झोके घ्यायचा. खाली मालक, शेजारी, चहावाला, सगळे माना वर करून उभे. "आधी मी लटकतो," तो वरून ओरडायचा, "मग तुमचं मशीन."

धामणकर नाक्याच्या आसपास ज्यांची लूम किंवा लेथ होती, त्यांनी हा झोका पाहिलेला असेल. मी एकदा त्याला विचारलं, "अरे, तुझं वजन किती, मशीनचं किती? तुझ्या लटकण्यानं काय कळणार?"

"वजन कोन बगतो, शेट? मी आवाज ऐकतो."

"काय म्हणतो बीम?"

"चांगला बीम काय बी बोलत न्हाय. बायकोसारका न्हाय तो."

वज्रेश्वरीच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून तो यायचा. बुटका, रुंद खांद्यांचा, बढाईखोर. वेळेवर कधी आला नाही. चहात साखर कमी पडली तर भांडायचा. नम्र वगैरे अजिबात नव्हता. जड मशीन उचलणाऱ्याला इकडे खलाशी म्हणतात; लुंगी सावरत फाटकातून आत शिरतानाच म्हणायचा, "हटो भाई, खलाशी आया."

पण त्याचा एक नेम होता. त्याला तो वजनाचा उपास म्हणायचा. जड वस्तू हवेत उचलायच्या दिवशी दारू तर नाहीच, तंबाखूही नाही. आल्याआल्या कमरेची चंची सोडायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा. "धरा. वजन जमिनीला टेकलं की परत द्या." एरवी तो प्यायचा. होळीला तर विचारूच नका. पण चंची मालकाच्या खिशात असेपर्यंत त्याच्या तोंडाला वास आलेला मला कधी आढळला नाही. हे वाक्य नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

माझं घर नाक्यापासून जवळच. मागच्या खोलीत मी लेथ लावून लूमचे शाफ्ट, गिअर दुरुस्त करायचो. वय वाढलं, कंबर बोलायला लागली, तेव्हा ठरवलं की डोक्यावर कायमची चेन पुली बसवायची, म्हणजे जड गिअरबॉक्स एकट्याला उचलता येईल. त्याला बोलावलं. त्यानं चंची माझ्या हातात दिली, ती मी शर्टाच्या खिशात टाकली. तो शिडी चढला, लटकला. झोका नेहमीपेक्षा लांबला. मग उतरला आणि हात झटकत म्हणाला, "न्हाय."

"न्हाय म्हणजे?"

"ह्या बीमला न्हाय लटकवायचं. करकरतोय. खालून लोखंडी खांब उभे करा दोन्ही बाजूला, वर आडवा गर्डर टाका. पुलीचं वजन जमिनीवर जाऊ दे, घरावर नको."

आता हे घर मी स्वतः बांधून घेतलं होतं. स्लॅब पडला त्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून उन्हात उभा होतो मी. आणि हा शेजाऱ्यांसमोर माझ्या बीमला नावं ठेवत होता.

"तुला लटकवायचंय की नाही?"

"न्हाय लटकवत. दुसरा बगा."

"मग चालू लाग."

तो गेला. मी रागानं फणफणत नाक्यावर चहाच्या टपरीवर आलो. कुणीतरी विचारलं, "काय काका, बसली का पुली?" आणि मी म्हणालो, "कसली बसते? पिऊन आला होता. शिडीवर उभं राहता येईना."

त्याची चंची तेव्हा माझ्या खिशात होती.

तेवढ्यात तो मागून आला. त्यानं ऐकलं होतं. सगळ्यांसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मी न्हाय पिलेलो, शेट. तुमचा बीम पिलाय. शिमिट वतताना पानी जास्त पिलाय तो."

टपरी हसली. पण हसली ती त्याच्यावर. त्यानं माझ्यापुढे हात पसरला. मी चंची काढून दिली. दुसरा कुणी मालक तिथं नव्हता, त्यामुळे त्या देण्याचा अर्थ दोघांनाच माहीत होता, आणि त्यातला एक गप्प बसला.

उचलण्याच्या कामाला पिणारा माणूस कोण बोलावणार? नाक्यावरचं त्याचं काम आटलं. दुसऱ्या माणसांनी माझी पुली त्याच बीमला टांगली. काही पडलं नाही, मोडलं नाही, आणि मी छाती काढून फिरलो. पुढे एका पावसाळ्यानंतर बीमच्या पोटाला चीर दिसली. नख आत जात होतं. मी दार लावून ती भरली, पुली उतरवली, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी खांब उभे करून वर गर्डर टाकून घेतला. त्यानं सांगितला होता अगदी तसाच. लोक येऊन मोबाइलवर फोटो काढायचे. "काका, डोकं कुणाचं?" मी म्हणायचो, "आपलंच."

एकदा दापोड्याला गोडाऊनच्या दारात तो पाठीवर खोके वाहताना दिसला. मला पाहून ओझ्यासकट थांबला.

"बीम कसा हाय, शेट?"

"बरा आहे."

"मी बी," म्हणाला, आणि ओझं घेऊन आत गेला. मान खाली घातली ती मी. त्यानं नाही.

तो वारल्याचं मला उशिरा कळलं. बस पकडून वज्रेश्वरीला उतरलो, पुढे पाड्यापर्यंत चालत गेलो. त्याची बायको अंगणात नाचणी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं, झालेलं सगळं सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही.

"तो पिलेला नव्हता," मी म्हणालो.

"आमाला म्हाईत हाय."

"मी खोटं बोललो."

"त्ये बी म्हाईत हाय." मग तिनं सूप खाली ठेवलं. "हितं कशाला आलाव सांगाया? हितं कोन बोललाय त्याला बेवडा? नाक्यावर बोललाव ना? मंग नाक्यावर सांगा."

तिनं मला पाणी विचारलं नाही. बरोबर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीवर गेलो. गर्दी होती, रिक्षावाले होते, रात्रपाळी सुटलेले लूमवाले होते. मी मोठ्यानं सांगितलं की तो पिऊन आला नव्हता, खोटं मी बोललो, आणि माझ्या घरातला गर्डर ही त्याची अक्कल आहे, माझी नाही. जुने लोक म्हणाले, "सोडा ना काका, गेला तो बिचारा." मी म्हणालो, बिचारा नव्हता तो, बिचारा म्हणू नका. मुलगा घरी म्हणाला, "बाबा, आता लोक आपल्या घराला हसतील." हसू दे. बीम बघायचा असेल त्यानं यावं, चीर मी पुन्हा उघडून ठेवली आहे.

आता मी रोज जातो. ज्यानं ऐकलं नसेल त्याला गाठून सांगतो. काल एक नवा रिक्षावाला माझ्याकडे बघून शेजारच्याला म्हणाला, "चाचा सुबह-सुबह चढाके आया क्या?"

सगळे हसले. मी चहाचा ग्लास खाली ठेवला, बाकावर चढून उभा राहिलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागलो.